सावली तालुक्यातील गोल्फ

हौशी गोल्फपटू म्हणजे पोटासाठी न खेळणारा गोल्फपटू. ही व्याख्या बरोबर आहे, पण अर्धीच. खेळातून पैसे येत नाहीत एवढे ती सांगते. किती जातात, याबद्दल ती मौन पाळते. चंद्रपूर जिल्ह्याच्या सावली तालुक्यात ही जमात फार विरळ आहे. तिच्यात सहसा बदलीच्या नोकरीतून निवृत्त होऊन घरी परतलेले, कधीकाळी लष्करी छावणीत राहिलेले, किंवा पुण्या-बंगळुरात मुलाकडे पावसाळा काढून आलेले लोक आढळतात. ७ ऑगस्ट २०२१ रोजी तिच्यात थोडी भर पडली. टोकियो ऑलिंपिकमध्ये अदिती अशोक शेवटच्या फेरीपर्यंत पदकाच्या शर्यतीत होती. देश पहाटे उठून टीव्हीपुढे बसला होता, आणि बोगी म्हणजे रेल्वेचा डबा एवढेच ठाऊक असलेली माणसे दोन तासांत हिरवळीच्या उतारावर मत देऊ लागली होती. ती चौथी आली. त्याच संध्याकाळी नीरज चोप्राने सुवर्णपदक मिळवले आणि बहुतेक मंडळी भाल्याकडे वळली. जी वळली नाहीत, त्यांच्याविषयी हा लेख आहे.

खेळ स्कॉटलंडचा. तिथल्या संसदेने १४५७ मध्ये त्यावर बंदी घातली, कारण तरुण पोरे तिरंदाजीचा सराव टाकून काठी-चेंडूमागे लागली होती. बंदी घालणाऱ्यांना हा खेळ नीट समजला होता असेच म्हणावे लागते. बंदी मात्र टिकली नाही. १७४४ मध्ये लीथ येथे पहिले १३ नियम लिहिले गेले, १७६४ मध्ये सेंट अँड्र्यूजच्या मैदानावर होलची संख्या १८ झाली आणि १८९१ मध्ये होलचा व्यास सव्वाचार इंच ठरला. तो पुढे कोणीही वाढवला नाही, हे हौशी खेळाडूचे सर्वांत जुने गाऱ्हाणे. भारतात कलकत्त्याचा क्लब १८२९ सालचा. ब्रिटिश बेटांबाहेरचा तो सर्वांत जुना. मुंबईचा १८४२ सालचा, म्हणजे बोरीबंदरहून ठाण्याला गाडी सुटण्याच्या ११ वर्षे आधीचा. चेंडू लांब पाठवण्याची सोय माणसे लांब पाठवण्याच्या आधी झाली होती. नाशिककरांनी हा वारसा आपल्या पद्धतीने सांभाळला आहे. शहराच्या मध्यभागी ‘गोल्फ क्लब मैदान’ आहे. अधिकृत नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. तिथे रणजीचे सामने होतात, सभा होतात, पहाटे अर्धे शहर चालायला येते. गोल्फ सोडून सर्व काही होते.

सावलीत गोल्फचे मैदान नाही. चंद्रपूर–मूल–गडचिरोली रस्त्यावरचे हे गाव एकेकाळी खादीसाठी नावाजलेले होते, आणि १९३६ मध्ये गांधी सेवा संघाच्या बैठकीसाठी गांधीजी इथे येऊन राहिले होते. गोल्फशी संबंधित कोणतीही घटना मात्र इथल्या इतिहासात नाही. तरीही मैदान बांधणाऱ्या एखाद्या परदेशी तज्ज्ञाला तालुक्यात फिरवून आणले, तर मैदान आधीच बांधून झाले आहे आणि आपले बिल बुडाले आहे, असा त्याचा समज होईल. चांगल्या मैदानाला पाणी लागते: इथे ब्रिटिशांच्या काळातला आसोला-मेंढा तलाव आहे, आणि गावोगावी मालगुजारी तलाव व बोड्या आहेत. वाळूचे खड्डे लागतात: पूर्वेला वैनगंगा आहे. गर्द झाडी लागते: या मुलखाचे नावच झाडीपट्टी. चेंडू घसरून जावा असे उंचवटे लागतात: धानाच्या प्रत्येक बांधीला चारही बाजूंनी धुरे आहेत. मैदानाच्या कडेला ‘रफ’ नावाचा, मुद्दाम वाढू दिलेला झाडोरा असावा लागतो. त्यासाठी विदर्भाच्या महसुली दप्तरात ‘झुडपी जंगल’ असा स्वतंत्र प्रकार पिढ्यान्‌पिढ्या पडून आहे. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने झुडपी जंगल हे वनच समजावे असा निर्णय दिला, त्यामुळे या रफमध्ये गेलेला चेंडू तत्त्वतः वनखात्याच्या हद्दीत पडतो.

थोडक्यात, जगभर कोट्यवधी रुपये ओतून जे तयार करतात, ती झाडीपट्टीच असते. फक्त तिच्यातून धान वजा केलेले असते. १८ होलच्या मैदानाला साधारण सव्वाशे ते दोनशे एकर जागा लागते. या भागात पाच एकरांचा धनी सुखवस्तू समजला जातो. त्यामुळे एवढ्या जागेत काहीच पिकवायचे नाही, हे इथल्या शेतकऱ्याला पटवणे कठीण जाते, आणि तिथे काय पिकवतात हे सांगितल्यावर तर अशक्य होते.

कारण तिथे हरळी पिकवतात. उष्ण प्रदेशांतील बहुतेक मैदानांवर बर्म्युडा म्हणून जे गवत लावतात ते सायनोडॉन डॅक्टिलॉन, म्हणजे आपली हरळी, गणपतीची दूर्वा. धुऱ्यावरची हरळी बांधीत शिरू नये म्हणून शेतकरी जन्मभर कुदळ चालवतो. खणून काढली, वाळवली, जाळली, तरी एका कांडीवरून ती पुन्हा उभी राहते. मैदानावर तीच हरळी खत-पाणी देऊन, यंत्राने मापात कापून, आजारी पडली तर तज्ज्ञ बोलावून जगवतात. हौशी खेळाडू फटका मारताना तिचा ढेकळासकट तुकडा उडवतो तेव्हा त्याने तो परत जागेवर बसवून पायाने दाबावा असा शिष्टाचार आहे. सावलीच्या कोणत्याही निंदणाऱ्या बाईपुढे हा शिष्टाचार पाळून दाखवू नये.

वाळूच्या खड्ड्यांचीही अडचण आहे. खड्डा खणता येईल, पण त्यात रेती ओतून ती उघड्यावर तशीच ठेवायची, हे नियोजन वैनगंगेच्या काठावर वास्तवाला धरून नाही. रेतीघाटांचे लिलाव, ट्रॅक्टरच्या रात्रीच्या फेऱ्या आणि तलाठ्यांची गस्त ज्याने पाहिली आहे, त्याला १८ होलच्या मैदानावरची रेती सकाळी किती उरेल याचा हिशेब सांगावा लागत नाही.

साहित्याकडे वळू. खेळाडूला पिशवीत जास्तीत जास्त १४ क्लब ठेवता येतात. ड्रायव्हर, वुड, आयर्न, वेज आणि पटर असे त्यांचे प्रकार. वुड आता लाकडाचे नसते आणि आयर्न बहुधा पोलादाचे असते. नवशिका १४ पैकी तीनच वापरतो, पण पिशवी १४ चीच घेतो. वजनाने खेळाचे गांभीर्य घरच्यांना कळते. चेंडूचे वजन ४५.९३ ग्रॅमपेक्षा जास्त आणि व्यास ४२.६७ मिलिमीटरपेक्षा कमी नसावा. त्याच्यावर तीनशे ते पाचशे खळगे असतात. खळग्यांमुळे हवेचा अडथळा घटतो, आणि गुळगुळीत चेंडूपेक्षा खळग्यांचा चेंडू जवळजवळ दुप्पट लांब जातो. हौशी खेळाडूच्या बाबतीत याचा अर्थ एवढाच, की तो दुप्पट लांब हरवतो.

खर्चाला पर्याय मुंबईने शोधला आहे. चेंबूरला १९२७ पासून बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब आहे. त्याच्या शेजारच्या वस्तीतले कॅडी, म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या पिशव्या वाहणारी पोरे, संध्याकाळी बांधकामाची लोखंडी सळई वाकवून क्लब करतात आणि प्लास्टिकच्या चेंडूने गल्लीबोळांत गोल्फ खेळतात. होल म्हणजे दोन घरांमधला एखादा कोपरा. अडथळे म्हणजे गटार, पत्रे आणि वाळत घातलेले कपडे. सहा फूट रुंद बोळात चेंडू सरळच मारावा लागतो, कारण वाकडा गेला तर शेजारीण बाहेर येते. सरळ फटक्याची एवढी प्रभावी शिकवणी कुठल्याही महागड्या अकादमीत नाही. सावलीतही सळई मिळते, वेल्डिंगची दुकाने आहेत, आणि तालुक्यातला पहिला क्लब बहुधा खाटेच्या पायाला टेकू लावून उरलेल्या लोखंडातूनच जन्मेल.

खेळाचे मूळ तत्त्व असे की चेंडू स्थिर असतो. क्रिकेटमध्ये चेंडू फलंदाजावर चालून येतो, म्हणून चूक झाली तर गोलंदाजाला श्रेय देऊन मोकळे होता येते. गोल्फचा चेंडू गवतावर पडून वाट पाहत असतो. खेळाडूला हवा तेवढा वेळ मिळतो, आणि तो वेळच त्याचा घात करतो. पाय किती रुंद, गुडघे किती वाकलेले, पकड कशी, डावा हात ताठ आहे ना, डोके हलत नाही ना, अशा सूचना मनात म्हणून होईपर्यंत क्लब खाली आलेला असतो. झाडीत लहानपणी विटीदांडू खेळलेल्या माणसाला उडती विटी हवेत टोलवताना यांपैकी एकही सूचना आठवत नव्हती आणि ती बरोबर लागत होती. म्हणून अशा माणसाचे पहिले दोन-चार फटके थक्क करणारे जातात. मग कोणीतरी त्याला शिकवतो.

शिकवण्यातून जो दोष जवळजवळ हमखास उगवतो त्याला स्लाइस म्हणतात. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू सरळ निघून पुढे उजवीकडे वळत जातो. कारण साधे आहे. क्लब ज्या दिशेने फिरतो त्या दिशेच्या मानाने त्याचे तोंड आघाताच्या क्षणी उजवीकडे उघडे राहते, चेंडूला आडवी गिरकी बसते, आणि गिरकी घेणारा चेंडू हवेत वळतो. उपायही पुस्तकात आहे: तोंड बंद करा, क्लब आतून बाहेर आणा. हौशी खेळाडू मात्र स्वतःचा उपाय काढतो. चेंडू उजवीकडे जातो ना, मग तो डावीकडे तोंड करून उभा राहतो. त्याने क्लबची वाट आणखी आडवी होते, चेंडू आणखी वळतो, तो आणखी डावीकडे वळून उभा राहतो. काही जुने खेळाडू या पद्धतीने होलकडे जवळजवळ पाठ करून उभे राहू लागले आहेत आणि त्यांचा आत्मविश्वास अबाधित आहे. दुसरा दोष चेंडू उचलण्याच्या धडपडीचा. चेंडू वर जावा म्हणून नवशिका क्लब खालून वर नेतो. वास्तविक चेंडू वर पाठवण्याचे काम क्लबच्या तिरक्या तोंडाने आधीच पत्करलेले असते आणि खेळाडूने फक्त खाली मारायचे असते. ऐकायला हे उफराटे वाटते. गोल्फमध्ये बऱ्याच गोष्टी उफराट्या आहेत, कमी गुणांचा माणूस जिंकतो इथपासून.

सरावाची जागा हा सावलीत मोठाच प्रश्न. धान कापणीनंतर बांध्या मोकळ्या होतात असे शहरातून आलेल्याला वाटते. पण उभ्या धानातच लाखोळी आणि जवस फेकून ठेवलेले असतात, ते कापणीनंतर वर येतात, आणि त्यात चेंडू शोधायला उतरलेल्या माणसाशी मालक गोल्फच्या परिभाषेत बोलत नाही. उरते ते शाळेचे मैदान, रविवारी, क्रिकेटवाले येण्याआधी. किंवा आठवडी बाजाराची जागा, बाजाराचा दिवस सोडून. तिथे पहिला प्रेक्षक गुराखी. तो काठीवर हनुवटी टेकून चार फटके पाहतो, खेळाडू झुडपांत वाकून शोधतो तेही पाहतो, आणि विचारतो, “भाऊ, धुंडाचाच होता त मारला कायले?” गोल्फवर इंग्रजीत शेकडो पुस्तके आहेत, या प्रश्नाचे उत्तर त्यांपैकी एकातही नाही.

चेंडू शोधायला नियमाने तीन मिनिटे मिळतात. २०१९ पूर्वी पाच मिळत. तेवढ्यात सापडला नाही तर तो हरवला असे धरतात, एक फटका दंड लागतो आणि मागे जाऊन पुन्हा मूळ जागेवरून मारावे लागते. बहुतेकांना ही मुदत जाचक वाटते. पण चैत्राच्या पहाटे पाचोळ्यातून मोहाची फुले वेचणाऱ्या बायांना ती कळणारही नाही. अर्ध्या अंधारात, पानांखाली दडलेले, फिकट पिवळसर, चेंडूपेक्षाही लहान फूल टिपणे हे त्यांचे पिढीजात काम. जागतिक स्पर्धांना चेंडू शोधणारे हवे असतील तर त्यांनी सावली-सिंदेवाहीकडे जरूर चौकशी करावी.

मैदानावर प्रत्यक्ष खेळायचे तर तालुका सोडावा लागतो. उत्तरेला नागपूर-कामठी दीडशे किलोमीटरच्या वर. तिकडच्या छावण्यांत लष्कराची मैदाने आहेत, पण आत जायला कोणी ओळखीचा लागतो, आणि एरवी ज्यांचे फोन उचलले जात नाहीत असे निवृत्त सुभेदार अशा वेळी फार जवळचे होतात. लष्कर या जागांना कागदोपत्री ‘आर्मी एन्व्हायर्नमेंटल पार्क अँड ट्रेनिंग एरिया’ म्हणते. महालेखापरीक्षकांनी संरक्षण खात्याच्या जमिनींवरील अहवालात अशा मैदानांची दखल घेतली तेव्हा देशभरात मिळून ती ८ हजार एकरांहून अधिक भरली होती. पर्यावरण आणि प्रशिक्षण हे दोन्ही शब्द हौशी खेळाडूला लागू पडतात: पर्यावरणात तो बराच वेळ असतो आणि प्रशिक्षण कधी संपत नाही.

मुंबईकडे गेल्यास खारघरचे सिडकोचे मैदान सभासद नसलेल्यालाही पैसे भरून खेळू देते. डोंगराच्या कुशीतले हे मैदान पाहून झाडीचा माणूस प्रथम पाण्याचा निचरा कुठून होतो ते विचारतो. कुलाब्याला यूएस क्लबचे मैदान समुद्राला लागून आहे. तिथला वारा हा स्वतंत्र विषय असून ज्याचा चेंडू आयुष्यभर उजवीकडे गेला त्याचा तिथे क्वचित सरळ जातो, आणि तो खूश होऊन घरी येऊन आठवडाभर तीच पद्धत घटवतो. पुण्याला येरवड्याला पूना क्लबचे मैदान आहे. पुण्याकडून खेळणारा उदयन माने टोकियो ऑलिंपिकला गेला आणि अनिर्बान लाहिरीचा जन्मही पुण्याचा, त्यामुळे तिथले हौशी खेळाडू वाईट खेळतानाही परंपरेचा भाग असल्यासारखे खेळतात. परक्या मैदानावर हौशी खेळाडूचे पहिले दोन होल कॅडीकडे न पाहण्यात जातात. तिसऱ्या होलवर तो हळूच कोणता क्लब घेऊ असे विचारतो, सहाव्यापासून न विचारता कॅडी देईल तो घेतो, आणि बाराव्याच्या पुढे दोघांपैकी मालक कोण, हे लांबून ओळखता येत नाही. कॅडीने मान हलवली की नाही यावर त्याची रात्रीची झोप अवलंबून असते. यात कमीपणा नाही. १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकणारा अली शेर दिल्लीच्या मैदानावरचा कॅडीच होता.

हौशींच्या बाजूचा पुरावाही नोंदवला पाहिजे. इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय पी. जी. सेठी, साल १९६५, आणि तो हौशी होता. ही माहिती प्रत्येक हौशी गोल्फपटूला तोंडपाठ असते. त्यानंतर अशी गोष्ट पुन्हा झाली नाही, हा भाग पाठ नसतो.

नियमांकडे आता सविस्तर पाहिले पाहिजे, कारण स्कॉटलंडच्या माळावर लिहिलेले हे नियम झाडीपट्टीत जेवढे जिवंत वाटतात तेवढे क्वचितच कुठे वाटत असतील. चेंडू पडला तसाच खेळावा हा मूळ नियम. पण चेंडूजवळचे सुटे अडथळे बाजूला करता येतात: दगड, पाने, काटक्या, किडे, मुंग्यांनी उकरलेली माती, आणि जनावरांचे शेण. सावलीत शेवटचा अडथळा सुटा राहत नाही. तो दिसताच कोणीतरी पाटीत घेऊन जाते आणि दुसऱ्या दिवशी भिंतीवर थापलेला आढळतो. जनावराने उकरलेल्या बिळात चेंडू गेला तर दंड न होता बाहेर टाकता येतो. चेंडू चिखलात स्वतःच्याच आघाताने रुतला तरी सूट मिळते. आषाढात रोवणीच्या दिवसांत हा नियम लावायचा झाला तर सारा तालुकाच सवलतीत येईल. कुत्र्याने किंवा कावळ्याने चेंडू पळवला तर तो होता तिथे दुसरा ठेवावा, दंड नाही. पोराने पळवला तरी हेच कलम लागते; फक्त पोरगा खेळाडूचा नातू असेल तर त्याला बाहेरचा म्हणावे की नाही यावर घरात मतभेद होतात.

सर्वांत मोलाचा नियम सोळावा, त्याचे दुसरे कलम: धोकादायक प्राणी. चेंडू आहे तिथून खेळल्यास गंभीर इजा होईल असा प्राणी जवळ असेल तर खेळाडूने सुरक्षित जागी, पण होलच्या अधिक जवळ न जाता, चेंडू टाकावा; दंड नाही. उदाहरणादाखल नियमात विषारी साप, डंख करणाऱ्या माश्या, मगरीच्या जातीचे ॲलिगेटर, आगमुंग्या आणि अस्वले दिली आहेत. यांपैकी साप, आग्या मोहोळ आणि अस्वल हे तिन्ही सावलीच्या आसपास मिळतात. वाघ यादीत नाही. नियम लिहिणाऱ्यांना तो सुचला नसावा. पण यादी केवळ नमुन्याची असल्याने वाघालाही ती लागू करता येईल, असा अर्थ निघतो. तरी ‘होलच्या अधिक जवळ न जाता’ या अटीविषयी प्रश्न उरतोच. ब्रह्मपुरी आणि सावलीच्या पट्ट्यात वाघाने माणूस नेल्याच्या बातम्या दर हंगामात येतात, मोह-तेंदूसाठी जंगलात जाणाऱ्यांना त्या जिवावर झेलाव्या लागतात, आणि त्यांना कोणत्याही नियमाने सूट मिळत नाही. तेव्हा चेंडू झुडपांत गेला तर तो हरवला असे पहिल्याच मिनिटाला जाहीर करण्याची इथल्या खेळाडूची पद्धत शहाणपणाचीच आहे. तो तेवढ्यापुरता तरी खेळाच्या पुढे गेलेला असतो.

पंच नसणे हे या खेळाचे दुसरे वैशिष्ट्य. दंड खेळाडूने स्वतःला लावायचा, फटके सोबत्याने कार्डावर लिहायचे आणि खेळाडूने ते तपासून सही करायची. चूक महागात पडू शकते. १९६८ च्या मास्टर्स स्पर्धेत रॉबर्तो दे व्हिसेन्झोने सतराव्या होलला तीन फटके घेतले, सोबत्याने कार्डावर चार लिहिले, याने न पाहता सही केली, आणि तो एक जादा फटका कायम होऊन बरोबरी हुकली. हौशी खेळात मात्र जादा लिहिण्याची चूक आजवर आढळलेली नाही. तिथे सगळ्या चुका एकाच बाजूला झुकतात. हवेत फिरलेला क्लब ‘सराव’ ठरतो, झाडाला लागलेला चेंडू ‘तसाही परत मारणार होतो’ या सदरात जातो, आणि पहिला फटका तळ्यात गेला तर सर्वानुमते दुसरा मारू देतात. या औदार्याला मलिगन म्हणतात; नियमपुस्तकात ते नाही. दीड फुटावरचा शेवटचा पट, म्हणजे होलमध्ये ढकलायचा हलका फटका, ‘गेलाच समजा’ म्हणून सोडून देण्याची चाल तर एवढी रूढ आहे की, तो प्रत्यक्ष मारायला लावणारा माणूस पुढच्या रविवारी एकटा खेळतो.

प्रगती मोजण्यासाठी हँडिकॅप आहे. २०२० पासून जगभर एकच पद्धत चालते: शेवटच्या २० फेऱ्यांपैकी उत्तम आठ घेऊन सरासरी काढतात. मर्यादा ५४. म्हणजे अधिकृतरीत्या कोणीही ५४ पेक्षा वाईट खेळू शकत नाही, आणि अनेकांना आयुष्यात मिळालेले हे एकमेव अभय. पद्धतीचा गमतीचा भाग असा की वाईट बारा फेऱ्या ती विसरून जाते. धानाच्या शेतकऱ्याला पीकविम्यात अशी सोय मिळाली असती तर तालुक्याचे चित्र वेगळे दिसले असते. हँडिकॅप एकूण फटक्यांतून वजा होत असल्याने मात्र एक खरी गोष्ट साधते: ५४ वाला आणि पाचवाला एकत्र खेळू शकतात आणि ५४ वाला जिंकूही शकतो. म्हणून काही मंडळी हँडिकॅप कमी होऊ नये याचीच काळजी घेतात, आणि नेमके बक्षिसाच्या दिवशी सुधारतात.

सुधारणेचा खरा मार्ग नीरस आहे, म्हणून तो फारसा चोखाळला जात नाही. १८ होलचे पार, म्हणजे अपेक्षित फटके, बहुधा ७२ असते आणि त्यात प्रत्येक होलला दोन याप्रमाणे ३६ फटके पटचे धरलेले असतात. अर्धा खेळ सपाट हिरवळीवर, हळू, वाकून, आवाज न करता होतो. तरी सराव करणारा पिशवीतून आधी ड्रायव्हर काढतो, कारण ड्रायव्हरने चेंडू लांब जातो आणि लोक वळून पाहतात. रोज तासभर फक्त पट करणाऱ्या माणसाचे गुण महिन्याभरात उतरतात. पण तसे करताना तो अंगणात हरवलेली सुई शोधत असल्यासारखा दिसतो, आणि सावलीसारख्या गावात दिसण्याला किंमत असते. सारवलेले अंगण, बाकी, पटसाठी उत्तम. शेणसड्यानंतर ते मऊ आणि संथ असते, दुपारपर्यंत कडक आणि जलद होते. मोठ्या मैदानांवर हा वेग मोजायला वेगळे साधन ठेवतात; इथे घरातल्या बाईला विचारले तरी चालते, फक्त सारवण ताजे असताना विचारू नये.

ऋतुमान तिन्ही बाजूंनी आडवे येते. मेमध्ये चंद्रपूरचा पारा ४५ अंशांच्या वर जातो, तेव्हा फेरी पहाटे पाचला सुरू करून आठच्या आत संपवावी लागते. १८ होलला चार तास लागतात, हे लक्षात घेता उन्हाळ्यात इथला गोल्फ नऊ होलचाच. पावसाळ्यात शेत, रस्ता आणि तळे यांतला फरक मिटतो. हिवाळा उत्तम, पण त्याच दिवसांत गावोगावी शंकरपट भरतो आणि झाडीपट्टीची नाटके रात्री सुरू होऊन पहाटे संपतात. वडशाहून आलेल्या कंपनीचे नाटक रात्रभर पाहून सकाळी सहाला टीवर, म्हणजे पहिल्या फटक्याच्या जागी, उभ्या राहिलेल्या माणसाला दोन चेंडू दिसतात. अनुभवी खेळाडू अशा वेळी डावीकडचा मारतात.

फेरीनंतर खेळाडू जिथे बसून आपण काय करू शकलो असतो ते एकमेकांना सांगतात, त्या बारला जगभर एकोणिसावा होल म्हणतात. पहिल्या अठरांपेक्षा इथे लांबचे फटके बसतात. झाडीपट्टीत मात्र या होलचे स्थान कायद्याने अस्थिर राहिले आहे. चंद्रपूर जिल्ह्यात १ एप्रिल २०१५ रोजी दारूबंदी लागू झाली आणि २०२१ मध्ये उठली, त्यामुळे सावलीत एकोणिसावा होल सध्या वैध आहे, पहिले अठरा अजून व्हायचे आहेत. वैनगंगेपलीकडे गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून बंदी आहे. तिथे पुढेमागे मैदान झालेच, तर ते अठराव्या होललाच संपेल आणि फेरीची चर्चा चहाच्या टपरीवर, शुद्धीत करावी लागेल.